टोकियोत एकटी, शनिवारी दिवसभर पाऊस. रेल्वेनं कुठे जाऊ?

चिपळूणकरीण | बुधवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी टोकियोत आले आहे, मुक्काम निशी-कासाईला. पूर्ण मोकळा असा एकच दिवस हातात आहे, येता शनिवार, आणि हवामान खातं म्हणतंय पावसाची शक्यता नव्वद टक्के. जूनमध्ये इथे त्सुयु, म्हणजे यांचा पावसाळा असतो हे ठाऊक होतं, पण त्याला नेमका माझाच शनिवार सापडावा!

बरोबरची मंडळी मॉलमध्ये जाणार आहेत. मला मॉल नको. खोलीत बसून खिडकीतून पाऊस बघायचा, तर तो चिपळूणला फुकट आणि चौपट मिळतो. पावसाला मी भीत नाही, पण मोजे ओले झाले की माझी रसिकता संपते. म्हणून डोक्यात आलं की दिवसभर रेल्वेनंच फिरावं. खिडकीची जागा, बाहेर डोंगर, मधेच उतरून एखादी गोष्ट बघायची, परत गाडी.

एकटीच आहे. जपानी शून्य. सकाळी सातला निघून रात्री आठपर्यंत परत यायचंय. शाकाहारी, अंडं चालतं. टोकियोजवळच्या हाकोने या डोंगराळ भागाचं नाव सगळे घेतात, पण फुजी दिसणार नसेल तर तिथे जाण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी सांगावं.

खडूस_पेठेकर | बुधवार, रात्री १०:५२

जपानला जाऊन दिवसभर रेल्वेतच बसायचं, तर डेक्कन क्वीननं काय घोडं मारलंय?

कापूसकोंड्या | बुधवार, रात्री १०:५५

खिडकीची जागा देत नाही, हे घोडं मारलंय.

भटक्या_बारामती | बुधवार, रात्री ११:२०

ताई, सरळ कामाकुरा. टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाइननं तासाभरात पोचाल. जून म्हणजे हायड्रेंजियाचा, त्यांच्या आजिसाईचा महिना, आणि ती फुलं पावसातच खरी दिसतात. किता-कामाकुराला उतरून मेइगेत्सु-इन देऊळ बघा, तिथे सगळी निळी फुलं. मग कामाकुराहून एनोदेन पकडा. ही एकेरी रुळाची छोटी गाडी, कामाकुरा ते फुजिसावा जेमतेम १० किलोमीटर, पंधरा स्टेशनं, अर्धा तास आणि वर चार मिनिटं. काही ठिकाणी लोकांच्या परसातून जाते, कोशिगोए आणि एनोशिमाच्या मधे चक्क रस्त्यावरून मोटारींच्या बरोबरीनं धावते, आणि मधला एक टप्पा समुद्राला खेटून. हासे स्टेशनला उतरलात की दाइबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध, दहा मिनिटांच्या चालीवर.

त्या बुद्धावर पूर्वी लाकडी मंडप होता. वादळांनी पाडला, पंधराव्या शतकाच्या शेवटी सुनामीत वाहून गेला, तेव्हापासून पाचशे वर्षं तो उघड्यावर बसलाय. साडेअकरा मीटरच्या आसपास उंची, सगळा ब्राँझ. पावसात तो हिरवा गडद होतो. उन्हात बघितलेल्यांना निम्मा बुद्ध दिसलेला असतो असं माझं ठाम मत आहे.

निशीकासाई | गुरुवार, सकाळी ६:१५

भटक्यादादा, तुमचा बुद्ध कबूल, पण जूनमधल्या शनिवारी कामाकुरा? आम्ही इथे बरीच वर्षं राहतो. आजिसाईच्या मोसमात हासेदेरा देवळात फुलांच्या पायवाटेसाठी वेगळं तिकीट आणि दिलेल्या वेळेची वाट बघणं असतं. मेइगेत्सु-इनच्या बाहेर रांग. एनोदेनमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब समजायचं. त्यात प्रत्येकाच्या हातात ठिबकणारी छत्री. वारी आठवड्याच्या मधल्या दिवसाची असेल तर कामाकुरासारखं नाही, शनिवारी मात्र नको.

चिपळूणताई, तुम्ही आमच्याच गल्लीत आलात म्हणायच्या. काही कामाच्या गोष्टी. निशी-कासाईहून तोझाई लाइननं ओतेमाचीला उतरा. तिथून टोकियो स्टेशनला जमिनीखालूनच वाट आहे, छत्री उघडावी लागत नाही. अगदीच कुठे जायचा कंटाळा आला, तर तसंच जमिनीखालून चालत गिंझापर्यंत जाता येतं, वाटेत खाण्याची ठिकाणं शेकड्यानं. छत्री भारतातून आणली असेल ती बॅगेतच ठेवा. इथल्या कोन्बिनी नावाच्या छोट्या दुकानातली पारदर्शक, लांब दांड्याची घ्या. गर्दीत समोरचं दिसतं आणि वाऱ्यात उलटली तर जीव जळत नाही. दुकानाच्या दारात छत्रीला पिशवी घालायचं नाहीतर पाणी पुसायचं यंत्र असतं, ते न वापरता आत शिरलात तर कोणी बोलणार नाही, पण बघतील.

आणि मोज्यांची जादा जोडी. यावर वाद नाही.

वऱ्हाडी_ठसका | गुरुवार, सकाळी ८:०२

काय सांगू राज्या, आमच्या इकडे जून अर्धा झाला तरी पान्याचा पत्ता नाही, पोट्टे धोंडी काढून घरोघर पानी मागून राहिले. अन् तुमी पान्यापासून पळून राहिल्या! थोडासा इकडे पाठवा न बापा.

निशीकासाई | गुरुवार, सकाळी ८:२०

@वऱ्हाडी_ठसका, इथे उलटी धोंडी असते. पाऊस थांबावा म्हणून मुलं पांढऱ्या कापडाची बाहुली करून खिडकीत टांगतात, तेरुतेरुबोझु म्हणतात तिला. माझ्या लेकीनं सहलीच्या आदल्या दिवशी टांगली होती. सहल रद्द. बाहुलीला दोन दिवस बोलणी खावी लागली.

रुळावरचा | गुरुवार, दुपारी १:१०

आता माझा विषय आला, तेव्हा जरा सविस्तर.

ताई, फुजीचा नाद सोडा. जूनच्या पावसात तो दिसत नाही, विषय संपला. पण हाकोने म्हणजे फुजी बघायची गच्ची, हा प्रवासी कंपन्यांनी करून दिलेला समज आहे. हाकोनेत एक गोष्ट अशी आहे जिला ढगांचं सोयरसुतक नाही, ती म्हणजे हाकोने तोझानची डोंगरगाडी. हाकोने-युमोतो ते गोरा स्टेशन, अंतर ८.९ किलोमीटर, वेळ सुमारे चाळीस मिनिटं. मुंबईची लोकल एवढ्या वेळात कुठल्या कुठे पोचते. ही इतकी हळू का, तर चढ १००० ला ८०, म्हणजे साडेबारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसत्या चाकांच्या पकडीवर चढणारी यापेक्षा उभी रेल्वे जपानात नाही.

आपल्या मापात सांगतो. भोर घाट ३७ ला १. माथेरानची राणी २० ला १. ही साडेबाराला १! जवळजवळ एवढ्याच चढाला उटीच्या गाडीला मधे दातेरी पट्टी लागते. इथे पट्टीबिट्टी काही नाही, साधे दोन रूळ.

डोंगर फार उभा म्हणून वाटेत तीन ठिकाणी गाडी उलटी फिरते. देयामा, ओहिरादाई आणि त्याच्या वरचं कामी-ओहिरादाई. गाडी आंधळ्या टोकाला जाऊन थांबते, चालक आणि गार्ड आपापल्या जागा बदलतात, आणि मगाशी जे शेपूट होतं ते तोंड होऊन गाडी पुढच्या चढाला लागते. खंडाळ्याला हेच होतं. १८६३ साली भोर घाट उघडला तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते गेलं. आपल्या पणजोबांनी जे अनुभवलं ते आपल्याला बघायचं असेल तर हाकोनेला जावं लागतं. हा मार्ग १९१९ सालचा आहे आणि रोज चालतो.

पावसाशी संबंध असलेली गंमत. या मार्गावरची काही वळणं ३० मीटर त्रिज्येची आहेत. अशा वळणावर चाकाची कड रुळाला घासते. दुसरीकडे वळणावर वंगण लावतात. इथे वंगण लावलं तर गाडी उतारावरून घसरेल, म्हणून गाडी स्वतःच्या टाकीतलं पाणी रुळावर शिंपडत जाते. म्हणजे ऊन असो की पाऊस, हिचे रूळ ओलेच.

बसायची जागा: आलेग्रा नावाची नवी गाडी आली तर सोडू नका, काचा मोठ्या आहेत. नाव स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातलं आहे, तिथल्या रेटियन रेल्वेशी १९७९ पासून यांचं भगिनी-नातं आहे. जूनच्या मध्यापासून रुळाच्या दोन्ही बाजूंना आजिसाई फुलतो, आधी खाली युमोतोला, मग जसजसं वर जावं तसतसा उशिरा, जुलैपर्यंत. फुलं काचेला घासतात. ज्यांना कामाकुराच्या रांगेत फुलं बघायची आहेत त्यांनी जरूर बघावीत.

भटक्या_बारामती | गुरुवार, दुपारी १:३०

शेवटचं वाक्य आमच्यासाठी होतं हे कळलं. :)

पण रुळावरचेबुवा, जून-जुलैच्या शनिवारी तुमची डोंगरगाडीपण भरलेली असते हे लिहायचं राहिलं. फुलं तिथेही आहेत म्हटल्यावर माणसंही तिथे आहेतच.

रुळावरचा | गुरुवार, दुपारी १:४१

मान्य. म्हणून सकाळी सात म्हणजे सातला निघायचं. साडेनऊच्या आत युमोतोहून वर सुटलं तर जागा मिळण्याची आशा असते. दुपारी बारानंतर तुमचं खरं.

दमडी | गुरुवार, दुपारी २:१५

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, काढला का ताई? तो असला की सगळं फुकट.

निशीकासाई | गुरुवार, दुपारी २:३२

@दमडी, ही माहिती जुनी झाली. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाला. एका दिवसासाठी तर प्रश्नच नाही. शिवाय तो चालला असता फक्त हाकोनेच्या पायथ्याच्या ओदावारापर्यंत. ओदाक्यु, एनोदेन, हाकोने तोझान या सगळ्या खासगी कंपन्या, तिथे जेआरचा पास दाखवून उपयोग नाही.

सुइका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डात पैसे भरून ठेवावेत. हाकोने फ्रीपास कमीत कमी दोन दिवसांचा असतो. रोपवे, आशी तलावावरची बोट, बस सगळं धरून वसूल होतो. पण वारा असला की रोपवे बंद, धुक्यात बोटीतून दिसणार पांढरं. फक्त डोंगरगाडी आणि एखादं संग्रहालय करायचं तर सुटं भाडंच बरं. शिंजुकूहून रोमान्सकार, म्हणजे ओदाक्युची आरक्षित जलद गाडी, घेतलीत तर तिचा आरक्षणाचा अधिभार वेगळा, तो फ्रीपासात येत नाही.

खडूस_पेठेकर | गुरुवार, दुपारी २:४०

रोमान्सकार. आणि बाई एकट्या.

चिपळूणकरीण | गुरुवार, दुपारी २:५८

@खडूस, म्हणूनच मी साध्या गाडीनं जाणार आहे. जागा तरी वाया जाणार नाही.

स्थापत्यवाला | गुरुवार, सायंकाळी ७:०५

सगळे डोंगरावर निघालात, म्हणून मी जमिनीखाली नेतो. टोकियोच्या उत्तरेला साइतामात कासुकाबे इथे पुराचं पाणी वळवण्यासाठी खणलेला भुयारी कालवा आहे. जमिनीखाली ५० मीटर, लांबी ६.३ किलोमीटर, २००६ मध्ये पूर्ण झाला. लहान नद्या फुगल्या की पाणी खोल विहिरींत उतरतं, बोगद्यातून वाहतं आणि शेवटी पंपानं एदो नदीत टाकलं जातं. पंपांच्या आधी जी टाकी आहे ती १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, आत १८ मीटर उंचीचे ५९ खांब. एखाद्या राजाचा दरबार वाटावा अशी. आधी नोंदणी केली तर खाली उतरून बघता येते. तोबू लाइनच्या मिनामी-साकुराई स्टेशनला उतरायचं.

पुराचा अनुभव असलेल्या चिपळूणच्या माणसानं तर बघावीच.

चिपळूणकरीण | गुरुवार, सायंकाळी ७:३०

२०२१ ची आठवण काढलीत. आमच्या घरात पाणी माळ्याच्या फळीपर्यंत होतं. नक्की बघायची आहे. पण शनिवारी?

स्थापत्यवाला | गुरुवार, सायंकाळी ७:३४

नाही, जोराचा पाऊस झाला तर टाकीत पाणी सोडतात आणि त्या दिवशी भेट रद्द. कोरड्या दिवसाचं ठिकाण आहे ते.

कापूसकोंड्या | गुरुवार, सायंकाळी ७:३६

पावसाच्या धाग्यावर कोरड्या दिवसाचं ठिकाण सुचवल्याबद्दल साहेबांना एक पारदर्शक छत्री.

आगगाडीवेडी | गुरुवार, रात्री ९:४८

मी टोकियोत शिकत असताना पावसाच्या रविवारी आम्ही मैत्रिणी एक उद्योग करायचो, तो सांगते. नाव ओमावारी जोशा. जेआरचा नियम असा, की टोकियोच्या आसपासच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात तुम्ही कुठल्याही वाटेनं गेलात तरी भाडं सगळ्यात जवळच्या वाटेचं लागतं. अटी साध्या. एकाच स्टेशनातून दोनदा जायचं नाही, वाट स्वतःला कुठे छेदू द्यायची नाही, मधे स्टेशनच्या तिकीट-फाटकाबाहेर पडायचं नाही, आणि त्याच दिवशी संपवायचं. म्हणजे शेजारच्या स्टेशनचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं आणि तिथे जाण्यासाठी अख्ख्या कांतो प्रांताला प्रदक्षिणा घालायची. चिबा, नारिता, आबिको, ओयामा, ताकासाकी, हाचिओजी. भातखाचरं, छोटी गावं, दोन डब्यांच्या गाड्या, शाळेतून घरी जाणारी पोरं. सकाळी निघालं की रात्र होते. जेवण स्टेशनच्या आतल्याच दुकानांतून. एकदा फाटकातून आत शिरलं की दिवसभर डोक्यावर छप्पर, मोजे शंभर टक्के कोरडे.

छापील तिकीट काढायचं, कार्डावर करू नये, फार वेळ आत राहिलं की कार्ड फाटकावर अडकतं. तिकीट तपासनीस आला आणि विचारलं, तर "ओमावारी" एवढं म्हणायचं. बहुतेक जण हसतात.

खडूस_पेठेकर | गुरुवार, रात्री ९:५५

म्हणजे कायदेशीर विदाउट तिकीट. शनिवारवाड्यापासून कसब्याला व्हाया कोल्हापूर. हा नियम पुण्यात करून आणा, मी पीएमटीला माफ करीन.

वऱ्हाडी_ठसका | गुरुवार, रात्री १०:०१

अन् एवढं फिरून उतराचं कुठी, तर बाजूच्या ठेसनावर. मायबाप! हे तं आमच्या तालुक्याच्या कामासारखं झालं.

रुळावरचा | गुरुवार, रात्री १०:२०

@आगगाडीवेडी, सलाम. मी या नियमाचं ऐकून होतो, करणारी व्यक्ती पहिल्यांदा भेटली. पण ज्यांना जपानात एकच दिवस मिळालाय त्यांनी हे करू नये असं वाटतं. हे तिथे राहणाऱ्यांचं सुख आहे. पाहुण्याला एक तरी गोष्ट खाली उतरून बघायला मिळायला हवी.

आगगाडीवेडी | गुरुवार, रात्री १०:३३

असहमत. खाली उतरून काय बघायचं असतं? पाहुण्याला जे दाखवायला ठेवलेलं असतं ते. गाडीत मात्र समोरच्या बाकावर जे बसलेलं असतं ते कोणी मांडून ठेवलेलं नसतं. पण ठीक, ज्याची त्याची भूक.

मीठभाकर | शुक्रवार, सकाळी ७:४०

भुकेचं निघालं म्हणून. ताई, जपानात शाकाहाराचा शत्रू मांस नाही, दाशी आहे. सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात ही दाशी, म्हणजे सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो, वर भाजीच दिसते. इनारी म्हणून गोड टोफूच्या पिशवीतला भात मिळतो, त्यातही बहुधा तोच. कोन्बिनीत उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी (भाताचा मुटका) त्यातल्या त्यात भरवशाची. अंडं चालत असेल तर अंड्याचं सँडविच घ्या, तेवढ्यासाठी मी अंडं पुन्हा सुरू केलं. ओदावारा कामाबोकोसाठी प्रसिद्ध आहे, पांढरे-गुलाबी गोड दिसणारे काप असतात. ते मासे आहेत. वडी समजून खाऊ नका.

रोजच्या लोकलमध्ये कोणी खात नाही. लांबच्या गाडीत, आरक्षित डब्यात खुशाल डबा उघडा. भाकरवडीचा आवाज मात्र अख्ख्या डब्याला ऐकू जातो, इतकी शांतता असते.

दमडी | शुक्रवार, सकाळी ११:०५

एक शंका. जपानची रेल्वे पावसात बंद पडत नाही ना? आपल्याकडे दोन थेंब पडले की कुर्ल्याला पाणी.

रुळावरचा | शुक्रवार, दुपारी १२:३०

पडते. म्हणजे पडत नाही, पाडतात. मार्गावर पर्जन्यमापक असतात. तासाभराचा आणि साठलेला पाऊस ठरलेल्या आकड्याबाहेर गेला की आधी वेग उतरवतात, मग गाडी थांबवतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक याच विचारातून आलेलं आहे, दरड कोसळायच्या आत सावध व्हायचं.

आणि हाकोनेचा पाऊस हा काही फुलझाडांपुरता नाही. १२ ऑक्टोबर २०१९, हागिबिस वादळ. हाकोनेत एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पडला, जपानचा विक्रम. आपल्या २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा ९४४, म्हणजे कल्पना येईल. या डोंगरगाडीचा पूल, रूळ, भराव वाहून गेले. परत सुरू व्हायला जुलै २०२० उजाडला. तेव्हा साधा त्सुयुचा पाऊस असेल तर बिनधास्त जा, जोराच्या पावसाचा इशारा असेल तर टोकियोतच थांबा. हे ओमावारीवाल्यांनाही लागू.

निशीकासाई | शुक्रवार, दुपारी १२:५०

यात एक भर. गाडी थांबली तर दुसऱ्या कंपनीच्या मार्गानं त्याच तिकिटावर जाऊ देतात, पण ही सवलत छापील तिकीट आणि मासिक पासवाल्यांना. सुइकातून पैसे कापून जाणाऱ्यांना नाही. पावसाच्या दिवशी लांब जायचं तर म्हणून मी छापील तिकीट काढते. नवरा हसतो, एकदा रात्री अकराला उपयोग झाला तेव्हा हसला नाही.

संपादक | शुक्रवार, दुपारी ३:००

ओन्सेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात) कपडे घालायचे की नाही यावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून राहावे.

कापूसकोंड्या | शुक्रवार, दुपारी ३:०४

त्या धाग्याचा दुवा द्या ना.

चिपळूणकरीण | रविवार, सकाळी ९:३०

सगळ्यांचे आभार. जाऊन आले. हाकोने.

पाऊस ठरल्याप्रमाणे होता, सकाळपासून. टोकियो स्टेशनवरून तोकाइदो लाइनची साधी गाडी घेतली, पण थोडे जास्त पैसे देऊन दुमजली ग्रीन डब्यात वरच्या मजल्यावर बसले. हा सल्ला इथे कोणी दिला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिते. वरून घरांची कौलं दिसतात. ओली निळी-करडी कौलं, मैलोगणती. चिपळूणच्या कौलांपेक्षा चकचकीत, पण पाणी वळचणीला तसंच पळतं. ओदावारापर्यंत दीड तास कधी गेला कळलं नाही.

युमोतोला रांग होती, पण दुसऱ्या गाडीत खिडकी मिळाली. आलेग्रा नव्हती, जुनी होती. रुळावरचेसाहेब, तुम्ही तीन वेळा गाडी उलटी फिरते लिहिलंत ते बरोबर, पण बघण्यासारखी गोष्ट लिहिली नाहीत. ती म्हणजे ती माणसं. देयामाला गाडी थांबली. चालक एका टोकाकडून उतरला, गार्ड दुसऱ्या टोकाकडून. दोघं पावसात फलाटाच्या अरुंद पट्टीवरून एकमेकांकडे चालत आले, मधोमध भेटल्यावर टोपीला हात लावून मान लववली, आणि आपापल्या नव्या टोकाला गेले. ना छत्री, ना घाई. पुढच्या ठिकाणी परत तेच. डब्यातली सगळी पोरं काचेला नाक लावून होती, मीही.

देयामाच्या वळणावरून खाली बघितलं तर मगाशी ओलांडलेला लोखंडी पूल पायाखाली होता, खाली हायाकावा नदी गढूळ, भरलेली. शेजारी कॅमेरा घेऊन बसलेले एक आजोबा होते. त्यांनी बोटानं पूल दाखवला, फोनवर भाषांतर करून मला सांगितलं, की हा पूल सेकंडहँड आहे, पूर्वी तोकाइदो मार्गावर तेनर्यू नदीवर होता, तिथून काढून इथे बसवला. मग तेच भाषांतर वापरून विचारलं, भारतात डोंगरात रेल्वे आहे का? मी त्यांना माथेरानचे फोटो दाखवले. पुढची दोन स्टेशनं ते फोटो हातातून सोडायला तयार नव्हते. वीस ला एक हा आकडा मला इथे वाचल्यामुळे माहीत होता, तो टाकून भाव खाल्ला.

फुलं काचेला घासतात हे खरं. मी काच उघडायला गेले, आजोबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

चोकोकु-नो-मोरी स्टेशनला उतरून खुलं शिल्पसंग्रहालय बघितलं. उघड्यावरची शिल्पं पावसात बघायला मी आणि एक शाळेची सहल, एवढेच. पिकासोचं दालन आत आहे, तिथे सगळे कोरडे लोक दाटले होते. तिथे पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे. मोजे तोवर भिजलेच होते, काढून ठेवले, पाय पाण्यात घातले. निशीकासाईताई, जादा जोडीबद्दल तुम्हाला चिपळूणला आलात की उकडीचे मोदक.

रोपवे बंद होता. फुजीच्या दिशेला एक फलक होता, त्यावर फुजीचं चित्र. त्याच्यासमोर फोटो काढला.

अंड्याचं सँडविच: मीठभाकर, शब्द नाहीत.

खडूस_पेठेकर | रविवार, सकाळी ९:५०

एवढं सगळं करून फुजी फलकावर बघितला. फलक पुण्यातही लावता येईल.

(वर्णन आवडलं. हे कंसात आहे.)

आगगाडीवेडी | रविवार, सकाळी १०:१५

बघा, समोरच्या बाकावरचे आजोबा! माझा मुद्दा सिद्ध.

रुळावरचा | रविवार, सकाळी १०:४०

आणि ते आजोबा भेटले उतरायच्या गाडीत, प्रदक्षिणेच्या नाही. माझाही सिद्ध. त्या सेकंडहँड पुलाबद्दल मीच लिहायला हवं होतं, चिडलोय.

भटक्या_बारामती | रविवार, सकाळी ११:०२

पुढच्या वेळी आठवड्याच्या मधल्या वारी कामाकुरा. मी हट्ट सोडलेला नाही.

शेगावकर_ओसाका | रविवार, दुपारी ४:२०

उशिरा आलो. हेच प्रश्न ओसाकात असलेल्यांसाठी: पावसात कुठे? माझं उत्तर कोयासान. नांबाहून नानकाई रेल्वेची कोया एक्सप्रेस, सुमारे ऐंशी मिनिटं. शेवटचा टप्पा नुसता डोंगर, बोगदे आणि वळणं, स्टेशनांवर चिटपाखरू नाही. गोकुराकुबाशीला रूळ संपतात, पुढे केबल कार पाच मिनिटांत वर नेते. वरून गावात चालत जायला बंदी आहे, बसच घ्यावी लागते, तेव्हा पावसाची चिंता नाही.

वर सुमारे ८०० मीटर उंचीवर कुकाई या साधूनं ८१६ साली वसवलेलं मठांचं गाव. ओकुनोइन ही दफनभूमी, उंच देवदारांमधून दोन किलोमीटरची वाट, दोन लाखांच्या वर समाध्या. झाडं इतकी दाट की पाऊस पानांवरच अडतो. मठांत जेवण शोजिन र्योरी, म्हणजे कांदा-लसूणही नाही आणि मीठभाकर म्हणतात ती दाशी माशाची नाही, कोम्बू शेवाळाची आणि शिताके अळंब्यांची. मराठी माणसानं थांबावं असं आणखी एक: कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये बसवला. तिथे हात जोडून उभं राहिलं की गाव किती लांब आहे ते विसरायला होतं.

मीठभाकर | रविवार, दुपारी ४:४५

शोजिन र्योरीसाठी मी ओसाकाला बदली मागतो.

दमडी | रविवार, दुपारी ५:१०

दोन लाख समाध्या म्हणजे सगळे साधूच का?

शेगावकर_ओसाका | रविवार, दुपारी ५:२२

नाही हो. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी असे सरदार आहेत, जिवंतपणी एकमेकांशी लढलेली घराणी तिथे शेजारी शेजारी आहेत. मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकं आहेत. आणि वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेनं वाळवीसाठी उभारलेला दगड आहे. मारलेल्या वाळवीच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून.

कापूसकोंड्या | रविवार, दुपारी ५:२५

वाळवीला?! आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला पावती देत नाही.

वऱ्हाडी_ठसका | रविवार, दुपारी ५:३१

शेगावकर, तुमी आमचे निघाले! ओसाकात झुणका भेटते का?